उन्हात ठेवलेली पुस्तकं

"अंदर नहीं. ओटले पे रख."

वाचनालयाच्या खिडकीतून ग्रंथपाल काका मला एवढंच म्हणाले. मी हात पुढे केला होता. हातात पुस्तक होतं. माझ्या आधी एक बाई उभ्या होत्या, त्यांचं पुस्तक काकांनी हातातून घेतलं होतं. वर "कसं वाटलं?" असंही विचारलं होतं. मराठीत. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि पट्टीनं बाहेरचा ओटला दाखवला. मी त्यांच्याशी मराठीत बोलत होते. ते माझ्याशी हिंदीत.

मी पुस्तक ओटल्यावर ठेवलं. एप्रिलचं ऊन होतं, दगड तापलेला. काका बाहेर आले. पट्टीच्या टोकानं पुस्तक उघडलं, पट्टीनंच पानं मागेपुढे केली, तिनंच पुस्तक पालथं केलं आणि तसंच उघडं ठेवून आत निघाले. बोट लावलं नाही. मी विचारलं, असं का करता. ते म्हणाले, "धूप दिखानी पड़ती है. फिर कीड़ा नी लगता."

मला पटलं. आजही सगळ्यात जास्त किळस मला याची येते की मला ते पटलं. ते ओरडले नाहीत. शिवी दिली नाही. हाकललं नाही. नीटनेटकं, नियमाप्रमाणे, शांतपणे त्यांनी मला घाण ठरवलं आणि मी मान डोलावून घरी आले.

मी सहावीत होते. आम्ही बौद्ध. गावातले लोक आम्हाला दुसऱ्या एका शब्दानं ओळखायचे. तो शब्द मी इथे लिहीत नाही. त्यांचं काम मी का सोपं करू? आजोबा खानदेशातून इंदूरला मिलमध्ये आले, बाबाही मिलमध्येच लागले. मिल बंद पडली. बाबांना पीथमपूरच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही इंदूर-धार रस्त्यावरच्या एका कसब्यात राहायला गेलो. बेटम्याच्या थोडं पुढे. नाल्यापलीकडच्या वस्तीत खोली घेतली. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ते एकच गाव बदनाम होईल आणि बाकीची सगळी गावं निवांत होतील.

गावात संस्थानी काळापासूनची मराठी घरं होती. कारकुनांची, मास्तरांची, दरबारातल्या कुणाकुणाच्या वंशजांची. त्यांनीच ते वाचनालय काढलेलं. आधी म्हणे देवळाच्या मागच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत पुस्तकं होती. मग कुणीतरी जागा दिली, कुणीतरी खिडक्या दिल्या. दारावर संगमरवरी पाटी लागली, पाटीवर देणगीदारांची नावं कोरली गेली. पुढे हिंदी पुस्तकं आली, सरकारी अनुदान आलं. अनुदान आलं म्हणून 'सार्वजनिक' हा शब्द पाटीवर आला. तो रंगानं लिहिलेला होता, कोरलेला नव्हता. अनुदान घ्यायचं तर कुणालाही सभासद करून घ्यावं लागे. म्हणून त्यांनी आम्हाला करून घेतलं.

सभासद होताना काकांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "कहाँ रहते?" सांगितलं. एवढ्यावर त्यांना सगळं समजलं. मला काहीच समजलं नाही.

आत जायची परवानगी कुणालाच नव्हती, हेही सांगून टाकते. कपाटं आत, काका मधे, वाचक खिडकीशी. हवं ते नाव सांगायचं, काका आणून द्यायचे. तेव्हा मी खिडकीशी उभी राहिले यात मला वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं. पुस्तक देताना ते खिडकीच्या फळीवर ठेवायचे, मी उचलायची. घेताना ओटला. मोठ्या माणसांची गोष्ट निराळी असते असं मी धरून चालले. मोठी माणसं पुस्तक जपत असतील, मुलांच्या पुस्तकाला कीड लागत असेल. लहान मुलांच्या डोक्यात असे हिशेब चटकन बसतात.

आणि मी काय केलं? मी घरीसुद्धा पुस्तकांना ऊन दाखवायला लागले. शाळेची पुस्तकं, धाकट्या भावाची अंकलिपी, बाबांचं एक जाड पुस्तक होतं ते. खोलीसमोर गोणपाट अंथरायचं, त्यावर पुस्तकं ओळीनं उघडी ठेवायची, मधूनमधून पालथी करायची. आईनं विचारलं हे काय खूळ. मी तिला सांगितलं की वाचनालयात असंच करतात, कीड लागत नाही. आई कौतुकानं शेजारणीला म्हणाली, "देखो, लाइब्रेरी से सीख के आई है." मग शेजारच्या पोरींनीही गोणपाटं टाकली. आमच्या वस्तीत काही दिवस सगळ्या घरांपुढे पुस्तकं वाळत पडलेली असायची. हसू येतं का वाचताना? मला येत नाही. त्यांनी आमच्या स्पर्शावर काढलेला उपाय मी मोठ्या अभिमानानं घरी आणला होता आणि सगळ्या वस्तीला शिकवला होता.

त्या वाचनालयात एका प्रवासवर्णनाचे तीन भाग होते. समुद्र, बोटी, बंदरं. तिन्हींना एकसारखी किरमिजी कापडी बांधणी. इंदूरच्या पलीकडे मी काही पाहिलेलं नव्हतं. पहिला भाग मी किती वेळा नेला मोजलं नाही. नेला, परत केला, पुन्हा तोच मागितला. काका वैतागायचे. मग दुसऱ्या भागाचं तसंच झालं. प्रत्येक वेळी ओटला, प्रत्येक वेळी ऊन. संध्याकाळपर्यंत पुस्तक बाहेरच पडलेलं असायचं. शाळेतून येताना मला ते दिसायचं आणि मला वाटायचं, किती काळजी घेतात.

मग शाळेतला तो दिवस आला.

आमची शाळा हिंदी. मॅडमनी विचारलं, किताबों की देखभाल कैसे करनी चाहिए. पोरं सांगत होती, कव्हर चढवायचं, पान दुमडायचं नाही. मी हात वर केला. मला सगळ्यांपेक्षा जास्त येत होतं ना. मी उभी राहिले आणि सांगितलं की किताब लौटाते हैं तब उसको धूप दिखानी चाहिए, लाइब्रेरी में काका रोज दिखाते हैं.

दुसऱ्या बाकावर शर्वरी बसायची. तिचे आजोबा वाचनालयाचे अध्यक्ष. हुशार, स्वच्छ, दोन वेण्या घालणारी, कुणाशी भांडण न करणारी मुलगी. ती उभी राहिली आणि चुकीचं उत्तर दुरुस्त करावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "नहीं मैडम. वो सिर्फ इन लोगों की किताबों को रखते हैं धूप में. हमारी तो सीधे अलमारी में जाती हैं. दादाजी ने नियम बनाया है."

वर्गात कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. माझ्याशिवाय सगळ्यांना. मॅडमनी खडू उचलला आणि पुढच्या मुलाला प्रश्न विचारला. मॅडमलाही माहीत होतं.

मी घरी आले आणि हात धुतले. कपड्याच्या साबणानं. बोटं पांढरी पडेपर्यंत. हात नाकाशी नेऊन वास घेतला. साबणाचा वास येत होता, दुसरा कुठलाच नव्हता. मी आईचे हात हुंगले. तिला वाटलं मी लाडात आलेय. दारात गोणपाटावर भावाची पुस्तकं वाळत होती. मी ती सगळी उचलून आत आणली आणि गोणपाट नाल्यात फेकून दिलं. आईनं त्यासाठी मला मारलं. का फेकलं ते मी तिला सांगितलं नाही.

माझ्याकडे दुसरा भाग होता. तो परत करायला गेले तेव्हा मी ओटल्याकडे वळलेच नाही. खिडकीच्या गजांतून हात आत घालून पुस्तक थेट काकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांच्या जेवणाच्या डब्याशेजारी.

काका खुर्चीवरून उठले. डबा आधी बाजूला घेतला. मग म्हणाले, "बाहर रख."

"नाही," मी म्हणाले.

"क्या बोली?"

"सगळ्यांची आत ठेवता. माझंही आतच राहील."

त्यांनी मराठीत उत्तर दिलं. पहिल्यांदाच. "उद्या बापाला घेऊन ये." मग त्यांनी रद्दीतला कागद घेतला, त्या कागदानं पुस्तक धरलं आणि बाहेर नेऊन ठेवलं. मेलेला उंदीर उचलावा तसं. परत येऊन त्यांनी डबा फेकला नाही, पण तो उघडलाही नाही.

बाबा दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट घालून. मला वाटलं, आता बघा. माझे बाबा मिलच्या गेटवर घोषणा द्यायचे. मालकाच्या गाडीपुढे आडवा झालेला माणूस. त्यांच्या आवाजाच्या गोष्टी मी आजीकडून ऐकल्या होत्या. खिडकीत काका होते आणि त्या दिवशी मागे खुर्चीवर अध्यक्ष आजोबाही बसले होते. ते पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. काका म्हणाले, "बच्ची को समझाओ. नियम है. मानना है तो मेंबर रहो, नी तो नाम काटते हैं."

पुस्तक फळीवर होतं. मुद्दाम आणून ठेवलेलं. बाबांनी ते उचललं. माझ्याकडे बघितलं नाही. ओटल्यावर गेले आणि उन्हात ठेवलं. ठेवताना वाकडं झालं होतं, ते पुन्हा वाकून सरळ केलं. मग मला सायकलवर बसवून घरी आणलं. वाटेत एकदाच बोलले. "अपने को यहीं रहना है बेटा."

मी त्यानंतर त्या खिडकीशी गेले नाही. तिसऱ्या भागात बोट कुठल्या बंदराला लागली ते मला आजही माहीत नाही, आणि मी दुसरीकडून मिळवून वाचलंही नाही.

किळस कुणाची करायची हे कळायला मला वर्षं लागली. आधी मी स्वतःची करत होते. कुणाच्या घरी गेले की भांड्याला हात लावायच्या आधी परवानगी मागायची. मैत्रिणीची वही घ्यायची तर ओढणीला हात पुसून. पुढे इंदूरला कॉलेजात आले. तिथल्या ग्रंथालयात कपाटं उघडी होती. आपणच जायचं, आपणच काढायचं, आपणच परत जागेवर लावायचं. पहिल्या दिवशी मी एक पुस्तक काढलं, उघडलं, पुन्हा ठेवलं. मग दुसरं. मग कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेले. छत कोसळलं नाही. कागदाला काही झालं नाही. समोर एक मुलगा नाक शिंकरत त्याच हातानं पानं उलटत होता, त्याचं आडनाव मोठं होतं, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. तिथे मला पहिल्यांदा नीट दिसलं. घाण त्या खिडकीच्या आत होती. कडक इस्त्रीच्या धोतरात पेपर वाचत बसली होती. मला किळस आली, पण या वेळी माझी मला नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण शर्वरी.

ती आता त्या वाचनालयाची सचिव आहे. आजोबा गेले, काका गेले, कमिटी घरातच राहिली. दोन महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. मी विजय नगरच्या ऑफिसात होते, मीटिंग संपवून कॉफी घेत होते.

"अगं, किती ढूंढलं तुला. फेसबुकवर सापडलीस शेवटी. अपनी लाइब्रेरीचा शताब्दी महोत्सव आहे. स्मरणिका काढतोय, पूर्ण इतिहास. तू त्यात पाहिजेच यार. तू तर आपलं सक्सेस आहेस."

आपलं. ती बोलत राहिली. सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड, इंदूरमध्ये स्वतःचं घर, वस्तीतली मुलगी. तिनं सगळी माहिती काढली होती. फोटो पाठव म्हणाली. मी म्हटलं, आधी येऊन बघते.

घरी मी बाबांना सांगितलं ती माझी घाई झाली. आम्ही सुदामा नगरला राहतो, बाबा माझ्याकडेच असतात, आई आता नाही. त्यांना इतकं खूश मी माझ्या नोकरीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "लाइब्रेरीच्या किताबीत तुझा फोटो? छापून येणार?" पुन्हा पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून आले. जयंती कमिटीतल्या मित्रांना फोन केले. फोटोसाठी मी कुठली साडी नेसावी यावर त्यांनी मत दिलं. माझ्या बाबांना साड्यांबद्दल मत आहे हे मला पन्नाशीकडे झुकताना कळलं.

रविवारी मी गाडी घेऊन गेले. वाचनालय रंगवलंय. पाटी पुसून चकचकीत केलीय. आत स्पर्धा परीक्षेची पोरं मोबाइल चार्जिंगला लावून बसलेली. मराठी कुणी वाचत नाही, शर्वरीनंच सांगितलं. तिनं मला हात धरून आत नेलं. हो, हात धरून. आता आत जाता येतं. तिनं चहा मागवला, पोहे मागवले, वर शेव घातली, माझ्याच ताटलीतून एक घास घेतला आणि माझ्याकडे बघून हसली. मी बघावं म्हणून तिनं तो घास खाल्ला होता. तो घास बघून मला जेवढी शिसारी आली तेवढी काकांच्या पट्टीनंही आली नव्हती.

मग तिनं लॅपटॉप उघडला. स्मरणिकेतलं एक प्रकरण: 'सर्वांसाठी खुलं दार'. त्यात माझा मजकूर आधीच लिहून तयार होता. "मी वस्तीतली एक लहान मुलगी. काकांनी प्रेमानं माझ्या हातात पहिलं पुस्तक ठेवलं आणि माझं आयुष्य बदललं. या वास्तूचे ऋण मी कधीच विसरणार नाही."

माझ्या नावानं. 'मी' वापरून. माझ्या तोंडात त्यांनी स्वतःची जीभ घातली होती.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच लिहिलं गं. तुला टाइम नसतो ना. तू बस चेक कर, काही चेंज असेल तर बोल."

खाली एक जुना फोटो होता. ओटला. ओटल्यावर उन्हात उघडी ठेवलेली पुस्तकं. फोटोखाली ओळ: 'ग्रंथसंवर्धनाची आपली जुनी परंपरा.'

मी त्या फोटोवर बोट ठेवलं. "हे कुणाच्या पुस्तकांना करायचे?"

"सगळ्यांच्याच. कीड नको लागायला म्हणून. आजोबांचा नियमच होता, बहुत डिसिप्लिन होतं त्यांचं."

तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी नीट पाहिलं. खोटं बोलताना माणसाची पापणी हलते असं म्हणतात. तिची हलली नाही. मी म्हटलं, "सहावीत, देखभालीचा प्रश्न होता मॅडमचा. तू उभी राहिलीस. काय म्हणालीस आठवतं?"

"मैं? काय म्हणाले?"

मी तिला तिचं वाक्य ऐकवलं. शब्दन् शब्द. तिच्याच आवाजात, शांत.

ती हसली. "अगं बच्चे होतो यार आपण. बच्चे कुछ भी बोलतात."

मी उठले आणि कपाटाशी गेले. मराठी कपाट मागच्या भिंतीला होतं. शोधावं लागलं नाही. तिन्ही भाग एका ओळीत होते. पहिला चहासारखा फिका. दुसरा तसाच. तिसरा गडद किरमिजी, काल बांधून आणल्यासारखा. मी तिन्ही तिच्यापुढे टेबलावर ठेवले. मग कपाटाकडे बोट दाखवलं. प्रत्येक फळीवर अशी दोन-चार पुस्तकं होती, पाठीचा रंग उडालेली, दोन्ही बाजूंच्या गडद पुस्तकांमध्ये वेगळी दिसणारी. आमच्या वस्तीनं काय काय वाचलं ते त्या भिंतीवर दुरून दिसत होतं. इतकी वर्षं ती लोकं त्याच भिंतीपुढे बसून कमिटीच्या बैठका घेत होती.

"सगळ्यांच्या पुस्तकांना ऊन दाखवलं असतं तर सगळ्यांचा रंग गेला असता," मी म्हटलं.

तिनं पुस्तकांकडे बघितलं. बराच वेळ. तिला समजलं, हे मी शपथेवर सांगते. मग तिनं लॅपटॉप माझ्या बाजूनं वळवला होता तो परत स्वतःकडे वळवला.

"बघ," ती म्हणाली, "आजोबा नाहीत, काका नाहीत. मेलेल्या माणसांबद्दल असं कायको लिहायचं? कार्यक्रमाला आमदार येतायत. पॉझिटिव्ह ठेवू या ना."

"मी मेलेली नाही."

"तू राग नको करू. अपने वक्त ऐसा ही था सब जगह."

"मग तसंच लिही. तेव्हा असं होतं, इथे होतं, आजोबांनी नियम केला होता. मी लिहून देते. तो फोटो ठेव, खालची ओळ मी देते. माझं नाव, फोटो, सगळं घे."

"कमिटी नी मानेल गं."

"तर माझा भाग काढ."

"ठीक आहे," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मला कळलं, तिनं हे आधीच ठरवून ठेवलं होतं. "तुझी इच्छा. काढते."

"प्रकरणाचं नावही काढ. खुलं दार म्हणू नकोस."

तेव्हा मात्र ती खरोखर चकित झाली. "ते कसं काढणार? तो इतिहास आहे."

मी निघाले. पोहे तसेच राहिले. ती दारापर्यंत आली, जाताना नेहमीसारखी गोड बोलली, कार्यक्रमाला नक्की ये म्हणाली. मी बेटम्यापर्यंत काच खाली करून गाडी चालवली, कारण आत त्या खोलीतल्या रंगाचा वास येत होता.

बाबांना सांगणं त्याहून कठीण गेलं. मी सांगितलं की माझा फोटो येणार नाही, मीच नको म्हटलं. ते चिडले. माझ्यावर ते सहसा चिडत नाहीत. "मी सगळ्यांना सांगून बसलोय. त्यांना आता काय बोलू?"

मी त्यांना मजकूर सांगितला. फोटोखालची ओळ सांगितली. शर्वरी काय म्हणाली ते सांगितलं. मला वाटलं आता ते मिलच्या गेटवरचे होतील.

"तो काय फरक पडला?" ते म्हणाले. "लिहू दे ना झूठ. नाव तर आपलं आलं असतं. मला सगळं याद आहे बेटा. ते पुस्तक मीच ठेवलं होतं ओटल्यावर. मीच. म्हणून तर पाहिजे होतं मला. त्यांच्याच किताबीत, त्यांच्याच पैशानं छापलेलं, माझ्या पोरीचं नाव. ते बघितलं असतं तर माझं ते..." ते थांबले. "ते गेलं असतं."

मी त्यांना काय सांगणार? की ते जात नाही? की त्यांनी आधी तुमच्या हातानं पुस्तक उन्हात ठेवून घेतलं आणि आता माझ्या सहीनं ते ऊन पुसून घेत होते? मी सांगितलं. मऊ शब्द शोधले नाहीत. बाबा उठून आत गेले आणि टीव्ही मोठा केला. दीड महिना झाला, ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. टपरीवर जायचं त्यांनी बंद केलंय. याचा दोष मी माझ्याकडे घेत नाही. ज्यांनी माझ्या बापाला असं भुकेलं ठेवलं की त्यांच्या खोट्या चार ओळींसाठी त्याच्या तोंडाला पाणी सुटावं, त्यांच्याकडे तो दोष आहे. बाबा पुन्हा माझ्याशी बोलतील की नाही मला माहीत नाही. तरी मी त्या मजकुराला होकार देणार नाही.

कार्यक्रम येत्या रविवारी आहे. निमंत्रण आलं होतं. काल शर्वरीचा मेसेज आला, तुला जमत नसेल तर बिलकुल हरकत नाही, टेन्शन नको घेऊ. खाली जोडलेल्या हातांचं चित्र. त्यांना मी यायला नको आहे.

मी जाणार आहे. व्यासपीठावर नाही, समोर, खुर्च्यांत, मधल्या ओळीत बसेन. दिवा लावतील, शाल देतील, आमदार बोलतील, सगळं ऐकेन. मग शर्वरी वाचनालयाचा इतिहास वाचायला उभी राहील. ती 'सर्वांसाठी खुलं दार' म्हणेल तेव्हा मी उभी राहीन. माझं नाव सांगेन, बापाचं नाव सांगेन, वस्तीचं नाव सांगेन. कुणाच्या पुस्तकांना काय केलं आणि कुणाच्या सांगण्यावरून केलं ते सांगेन. आवाज चढवणार नाही. माइक माझ्याकडे नसेल, त्याची गरजही नाही.

ते आधी हसून बघतील. मग कमिटीतला कुणीतरी भिया पुढे येऊन म्हणेल, मैडमजी बैठ जाइए, कार्यक्रम चालू आहे. मग मराठीत म्हणतील, बसा. मग थोडं जोरात म्हणतील.

मी बसणार नाही.